येथे उत्स्फूर्त व्हावे

नाताळची अमेरिकन गाणी घामाच्या धारांत जन्माला येतात. 'लेट इट स्नो' हे बर्फाला आवतण देणारं गाणं सॅमी कान आणि ज्यूल स्टाइन या जोडीनं लिहिलं ते जुलै १९४५ मध्ये, हॉलीवूडच्या रणरणत्या उन्हात. त्याच उन्हाळ्यात मेल टोर्मे आणि बॉब वेल्स यांनी 'द ख्रिसमस साँग' रचलं. त्यामागची प्रेरणाही तेवढीच उदात्त होती: थंडीच्या चार ओळी लिहिल्या तर अंगाची लाही जरा कमी होईल! लेरॉय अँडरसननं 'स्ले राइड' बांधायला घेतलं जुलै १९४६ मध्ये, कनेटिकटात उष्णतेची लाट आलेली असताना. त्याच्या शेवटी ट्रम्पेटवाला घोड्यासारखा खिंकाळतो. ते खिंकाळणं बर्फातल्या आनंदी घोड्याचं नसून उन्हानं वैतागलेल्या घोड्याचं आहे, असा माझा जुना संशय आहे. मे महिन्यात पंख्याखाली बनियनवर बसून दिवाळी अंकासाठी पहाटेच्या गुलाबी थंडीवर ललितलेख पाडणाऱ्या मराठी लेखकाला यात काहीच नवल वाटणार नाही.

शाळकरी जॅझ बॅन्डसाठी नाताळच्या रचना विकणारे प्रकाशकही हाच हंगाम साधतात. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागलेली असते, बॅन्डचे सर अर्ध्या चड्डीत अंगणातलं गवत कापत असतात, आणि तेवढ्यात नव्या वर्षाची यादी येते. यादीत प्रत्येक रचनेचं नाव, ती किती मिनिटांची आहे, किती अवघड आहे, आणि ती कुठल्या ढंगाची आहे, हे दिलेलं असतं. लॅटिन ढंग, फंक ढंग, ब्लूज ढंग, आणि कधीही न चुकणारा गॉस्पेल ढंग. सोबत ऐकायला नमुना असतो. हा नमुना स्टुडिओतल्या पोटापाण्याच्या वादकांनी वाजवलेला असतो, म्हणजे ज्यांनी आयुष्यभर दुसरं काही केलेलं नाही अशा माणसांनी. बॅन्डचे सर तो ऐकतात, त्यांच्या अंगावर काटा येतो आणि ते मागणी नोंदवतात. दरवर्षी. स्थळाचा फोटो आणि प्रत्यक्ष स्थळ यातला फरक ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे, त्या समाजातला मी माणूस. पण सरांना कोण सांगणार?

न्यू जर्सीतल्या आमच्या भागात शाळेच्या बॅन्डमध्ये मराठी मुलांचा भरणा बराच आहे. दर शनिवारी गाडीच्या मागच्या भागात एकीकडे तबल्याची जोडी आणि दुसरीकडे सॅक्सोफोनची पेटी घेऊन आया फिरत असतात. आमच्या चिरंजीवांच्या वाट्याला ट्रॉम्बोन आला. सहावीत बॅन्डच्या सरांनी त्याचे हात पाहिले आणि निकाल दिला. आमच्या घराण्यात हाताच्या लांबीवरून कुणाचं करिअर ठरल्याचा हा पहिलाच प्रसंग. तरीही ट्रॉम्बोनची नळी सगळ्यात शेवटच्या, सातव्या जागेपर्यंत ढकलायला बारा वर्षांचा हात पुरत नाही. त्यामुळे शहाणा रचनाकार त्या जागेचा स्वर शक्यतो लिहीतच नाही. लिहिलाच, तर ट्रॉम्बोनवाल्या मुलांचे खांदे समोरच्या सॅक्सोफोनवाल्यांच्या मानेपर्यंत जातात आणि पुढच्या रांगेत दोन मुली किंचाळतात.

रचनेचं पाकीट उघडलं की आत कागदांचा गठ्ठा निघतो. मोठ्या जॅझ बॅन्डचा ठरलेला संच सतरा जणांचा: पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन, आणि पियानो, गिटार, बास, ड्रम्स. पण हे झालं कागदावर. प्रत्यक्षात शाळेत तीन ट्रम्पेट, सहा बासऱ्या, दोन क्लॅरिनेट आणि एक ट्यूबा असतो, आणि यांतल्या प्रत्येकाच्या आईनं सरांना ईमेल केलेली असते. म्हणून प्रकाशक ऐच्छिक भाग छापतात. जॅझमध्ये ट्यूबाचं काय काम, असा प्रश्न विचारू नये. मुलगा ज्यांचा, काम त्यांना माहीत. अवघडपणाच्याही पायऱ्या ठरलेल्या: एक, दीड, दोन, अडीच, अशा चढत जाणाऱ्या. मिडल स्कूल दोन-अडीचच्या आसपास नांदतं. म्हणजे आपण ऐकतो तो गॉस्पेल अडीच इयत्तेचा.

आणि हा अडीच इयत्तेचा गॉस्पेल ही मला माणसाच्या कल्पकतेची कमाल वाटते. मुळात हे संगीत म्हणजे काय? चर्चमध्ये उपदेशक बोलता बोलता गायला लागतो, बाकावरची बाई मध्येच उठून दाद देते, ऑर्गनवाला त्या दादेला उत्तर देतो, कोरस एक ओळ हवी तितक्या वेळा घोळवतो, आणि हे किती वेळ चालेल ते आत आलेल्या कुणालाच ठाऊक नसतं. घरी मटण शिजत ठेवून आलेल्यांनाही नाही. हे सगळं आता चार मिनिटांत, नोटांवर, बारा वर्षांच्या मुलांकडून, शाळेची बस सुटायच्या आत करून घ्यायचं. मग रचनाकार काय करतो? तो उत्स्फूर्तता लिहून देतो. एकल वादनाच्या जागी कॉर्ड्सची नावं असतात, म्हणजे ज्याला सुचेल त्यानं सुचेल ते वाजवावं. पण सुचणारच नाही, हे गृहीत धरून खाली सुचलेलं छापलेलंही असतं. मुलगा ते छापील सुचणं दीड महिना घोकतो. आमच्या तळघरातून रोज संध्याकाळी सात वाजता चार-चार मात्रांची तीच आठ मापं तशीच्या तशी सुचत असतात. ऐन कार्यक्रमात तो डोळे मिटून वाजवतो, कारण मोठे वादक डोळे मिटतात हे त्यानं व्हिडिओत पाहिलेलं असतं. डोळे मिटल्यामुळे कागद दिसत नाही, आणि मग चार मापं त्याला खरोखर सुचावं लागतं. रचनेतला तेवढाच भाग अस्सल जॅझ.

लयीचं प्रकरण आणखी गमतीचं. कागदावर दोन सारखे स्वर लिहिलेले असतात, पण वाजवताना पहिला लांबवायचा आणि दुसरा चिमटीत धरायचा. गॉस्पेलच्या संथ ठेक्यात तर चार मात्रा आणि प्रत्येकीच्या पोटात तीन. मी लहानपणी तबल्याच्या क्लासला गेलेलो असल्यामुळे मला राहवलं नाही. म्हटलं, "अरे, तिस्र आहे हे, दादऱ्याच्या अंगानं जा." मुलानं माझ्याकडे पाहिलं आणि आईला सांगितलं, "बाबा पुन्हा सुरू झाले." पियानोवरच्या मुलीची अडचण वेगळी. ती पाचव्या वर्षापासून बाख शिकलेली. तिला लंगडत वाजवायला सांगणं म्हणजे तिच्या संस्कारांवर घाला. सर म्हणतात, जरा आळस आण हातात. ती आळसही मेट्रोनोमवर लावून आणते.

यात मला सगळ्यात रुचकर वाटते ती इतिहासानं मारलेली उलटी कोलांटी. गॉस्पेलचे जनक मानले जाणारे टॉमस डॉर्सी हे मुळात ब्लूजचे पियानोवादक. मा रेनी या नामांकित गायिकेच्या साथीला बसायचे, 'जॉर्जिया टॉम' म्हणून ओळखले जायचे. १९२८ मध्ये टँपा रेड या गिटारवाल्याबरोबर त्यांनी एक गाणं केलं, ते तुफान खपलं, आणि ते इतकं चावट होतं की त्याचं नावसुद्धा मी इथं देत नाही, कारण हा अंक घरातली मुलं वाचतात, असं संपादकांचं मत आहे. पुढे हेच डॉर्सी देवाकडे वळले. १९३२ मध्ये बाळंतपणात पत्नी गेली, पाठोपाठ बाळ गेलं. त्या दुःखातून 'टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड' हे गाणं आलं आणि ते जगभर गेलं. शिकागोच्या पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चमध्ये त्यांनी अनेक दशकं कोरस घडवला. पण सुरुवातीला चर्चमधल्या शिष्टांनी नाकं मुरडली होती, कारण देवाच्या गाण्याला नाइट क्लबचा वास येतोय! आज शंभरेक वर्षांनी नाइट क्लबच्या संगीताला चर्चचा वास येतोय, म्हणून ते पाकिटात घालून शाळांना जरा चढ्या भावानं विकतात. मधल्या काळात होरेस सिल्व्हर या जॅझ पियानोवादकानं १९५५ मध्ये 'द प्रीचर' केलं तेव्हा रेकॉर्ड कंपनीच्या मालकाला ते अगदीच बाळबोध वाटलं होतं. नको म्हणत होते ते, पण सिल्व्हर अडून बसला. पुढे चर्चच्या ढंगाच्या जॅझची लाटच आली आणि मालकांचंही मत बदललं. खपावर मत बदलणारे लोक मला आवडतात. त्यांच्याशी वाद घालावा लागत नाही.

ऑर्गनची गोष्टही याच जातीची. गॉस्पेल म्हटलं की कानात जो गरगरता, हुंदके देणारा आवाज येतो, तो हॅमंड ऑर्गनचा. लॉरेन्स हॅमंड हा पेशानं अभियंता, घड्याळं करणारा. त्याला स्वतःला ऑर्गन वाजवता येत नव्हता. १९३५ मध्ये त्यानं विजेवरचा ऑर्गन बाजारात आणला आणि पाइप ऑर्गन न परवडणाऱ्या चर्चना तो पटापट विकला. जाहिरातीत पाइप ऑर्गनशी बरोबरीचा दावा केला म्हणून सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशननं त्याला धरलं, आणि हे प्रकरण इतकं रंगलं की शिकागो विद्यापीठाच्या चॅपेलमध्ये दोन्ही ऑर्गन आडून वाजवून परीक्षकांना कुठला कुठला ते ओळखायला लावलं. तज्ज्ञ मंडळीही बऱ्याचदा चुकली. तरी कमिशननं काही दावे मागे घ्यायला लावलेच. पुढे डॉन लेस्ली नावाच्या माणसानं या ऑर्गनसाठी फिरता कर्णा असलेला स्पीकर केला. आज त्या दोघांची जोडी म्हणजे गॉस्पेलचा आत्मा. हॅमंडला मात्र तो स्पीकर अजिबात मान्य नव्हता. म्हणजे ज्याला वाजवता येत नाही अशा माणसानं वाद्य केलं, त्याला न आवडणाऱ्या माणसानं त्याचा आवाज बदलला, आणि त्यातून भक्ती निघाली. आमच्या शाळेत अर्थातच हॅमंड नाही. तो इतका जड असतो की तो हलवायला अख्खी फुटबॉलची टीम लागेल, आणि फुटबॉलवाले बॅन्डवाल्यांशी बोलत नाहीत. आमच्याकडे आहे तो एक इलेक्ट्रिक कीबोर्ड. त्यावर ऑर्गनचं बटण आहे, त्याच्या शेजारचं बटण पावसाच्या आवाजाचं आहे, आणि मंचावर उजेड कमी आहे. एवढं सांगितलं की पुरे.

खऱ्या गॉस्पेल कोरसची एक जीवघेणी खोड आहे. गाणं टिपेला पोचलं असं वाटलं की ते अर्ध्या स्वरानं वर चढतं. मग पुन्हा अर्ध्यानं. ऐकणाऱ्याला वाटतं, आता छप्पर जाणार. हे शाळेच्या बॅन्डला सांगून पाहा. बॅन्डची मुलं ज्या पट्टीत सुखानं नांदत असतात, तिथून अर्धा स्वर वर गेलं की आल्टो सॅक्सोफोनच्या कागदावर एकदम सात शार्प उगवतात, नाहीतर पाच फ्लॅट. मुलांना वाटतं छपाईची चूक आहे. म्हणून रचनाकार सभ्यपणे एका पूर्ण स्वरानं वर जातो, तेही एकदाच, आणि त्याच्या आधी ड्रमरला एक माप देतो, म्हणजे सगळ्यांना पान उलटायला वेळ मिळतो. स्वर्गाच्या जिन्याला एकच पायरी, पण कठडा दोन्ही बाजूंनी.

कुठली चाल घ्यायची याचंही ठरलेलं आहे. 'गो टेल इट ऑन द माउंटन'ला पर्याय नाही, कारण ती खरोखरच कृष्णवर्णीयांच्या परंपरेतली आणि खरोखरच नाताळची. गुलामगिरीच्या काळापासून तोंडी चालत आलेली अशी गाणी टेनेसीतल्या फिस्क विद्यापीठात शिकवणाऱ्या जॉन वेस्ली वर्क यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोळा करून छापली, त्यात तिचं नाव कायम येतं. फिस्कचं नाव निघालं की आमच्या बॅन्डच्या पालक-समितीनं खरं तर उभं राहायला हवं. हे विद्यापीठ कर्जात बुडत असताना १८७१ मध्ये तिथली नऊ मुलं-मुली गाणी गात पैसे जमवायला बाहेर पडली. फिस्क ज्युबिली सिंगर्स त्यांचं नाव. गुलामीतून नुकतीच सुटलेली ही पोरं, बरीचशी स्वतः गुलाम म्हणून जन्मलेली. हॉटेलं खोल्या देईनात, थंडीला कपडे पुरेनात. १८७३ मध्ये त्यांनी इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीपुढे गाणं केलं, आणि जमलेल्या पैशांतून ज्युबिली हॉल नावाची अख्खी इमारत उभी राहिली. विद्यार्थी वादक-गायकांनी निधी जमवण्याची ही थोर परंपरा आम्ही पुढे चालवतो. आमची मुलं दारोदार चॉकलेटं विकतात. म्हणजे विकत काही नाहीत. ती आम्ही विकत घेतो, ऑफिसात नेतो, आणि तिथं इतरांच्या मुलांची चॉकलेटं घेऊन परत येतो.

आता यात धर्म आला. सरकारी शाळेत धर्म आला की वकील येतात. साऊथ डकोटातल्या सू फॉल्स गावच्या खटल्यात १९८० मध्ये अपिली न्यायालयानं म्हटलं की शिक्षणाचा भाग म्हणून, तारतम्य ठेवून नाताळची धार्मिक गाणी शाळेत व्हायला हरकत नाही. उलट आमच्याच न्यू जर्सीत साऊथ ऑरेंज आणि मेपलवूड या गावांच्या शाळा-मंडळानं सणासुदीच्या कार्यक्रमातून धार्मिक गाणी काढून टाकली, तीही नुसत्या वाद्यांवर वाजवलेली धरून, आणि २००९ मध्ये अपिली न्यायालयानं तेही चालेल म्हणून सांगितलं. म्हणजे वाजवलंत तरी चालेल, नाही वाजवलंत तरी चालेल. इतका समंजस कायदा मला दुसरा माहीत नाही. या दोन निकालांच्या मधल्या फटीत बहुतेक बॅन्डचे सर संसार करतात. जॅझ बॅन्डला शब्दच नसतात, हा त्यांचा मोठा आधार. देवाचं गाणं, पण देवाचं नाव नाही. वर कार्यक्रमपत्रिकेत आधी हनुकाचं एक गाणं, मग बर्फाची दोन (बर्फाला अजून कुणी हरकत घेतलेली नाही), कोरसवाल्यांकडून दिवाळीचं एक, दिवाळी होऊन महिना-दीड महिना झाल्यावर, आणि मग आमचा गॉस्पेल.

प्रेक्षागृहात मराठी आजी-आजोबांची एक रांग असते. सहा महिन्यांच्या मुक्कामाला आलेली ही मंडळी स्वेटरवर कोट, कोटावर शाल अशी बसलेली असतात. बाहेर बर्फ असलं तरी आतला हीटर सणसणीत असतो, पण शाल काढायची नाही, असा काही करार आहे. त्यांना गॉस्पेल परका वाटत नाही, हे मी अनेकदा पाहिलंय. एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी झेलायचं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ती भक्तीसाठी अभंग-ओवीचीच वाट धरली होती, तेव्हा ही सोयरीक तशी जुनीच. आणि आम्ही मधल्या पिढीनं तरी वेगळं काय केलं? 'हम होंगे कामयाब' शाळेत कुणी म्हटलं नाही? 'वुइ शल ओव्हरकम'चा गिरिजाकुमार माथुरांनी केलेला तो हिंदी अवतार. त्याची मुळं कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गाण्यांत जातात. अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या चळवळीत लोक ते हातात हात गुंफून, डुलत म्हणायचे. आम्ही ते सावधानच्या पवित्र्यात, हात मांडीला चिकटवून, पी.टी.च्या सरांच्या नजरेखाली म्हटलं. अडीच इयत्तेचा गॉस्पेल आम्हीही केलाय.

घोळ होतो तो टाळीत. आपली टाळी समेवर. पहिली मात्रा आली की हात आपोआप एकमेकांकडे जातात, आरतीपासून मैफलीपर्यंत हेच. गॉस्पेलची टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. तिथं ड्रमचा तडाखा असतो, तिथंच अंग झुकतं, तिथंच सगळा जीव. पहिल्या-तिसऱ्यावर टाळी वाजवली की गॉस्पेलचं लगेच पोलिसी संचलन होतं. गंमत म्हणजे हा रोग आपलाच नाही. गोऱ्या अमेरिकन श्रोत्यांचीही टाळी पिढ्यानपिढ्या पहिल्या-तिसऱ्यावरच पडत आली आहे आणि वादकमंडळींत त्यावर विनोदांचं एक वेगळं दालन आहे. या एका बाबतीत आयोवातून आलेले आजोबा आणि सदाशिव पेठेतून आलेले आजोबा सख्खे भाऊ. संगीतशिक्षकांमध्ये हॅरी कॉनिक ज्युनियर या गायक-पियानोवादकाचा एक व्हिडिओ देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा जपलेला असतो. सगळं सभागृह उलट्या मात्रांवर टाळ्या देतंय, हे पाहून तो पियानो वाजवता वाजवता एका मापात गुपचूप एक मात्रा जास्त घालतो. चाराच्या पाच मात्रा. लोक आपल्या टाळ्या देतच राहतात आणि त्यांच्या नकळत त्या बरोबर दुसऱ्या-चौथ्यावर येऊन बसतात. मागे ड्रमवाला आनंदानं दोन्ही हात वर करतो. लोकांना काही न सांगता सुधारण्याचा हा एवढा एकच यशस्वी प्रयोग माझ्या पाहण्यात आहे.

आमच्या मुलांच्या रचनेतही टाळ्यांची आठ मापं होती. सगळी वाद्यं थांबतात, ड्रम आणि बास तेवढे चालू राहतात, बाकीची मुलं टाळ्या वाजवतात आणि श्रोत्यांनी सामील व्हावं, असं कागदावर लिहिलेलं असतं. सॅक्सोफोनवाल्यांचं ठीक आहे, त्यांचं वाद्य गळ्यात टांगलेलं. ट्रॉम्बोनवाल्यांनी टाळी वाजवायची तर ट्रॉम्बोन मांडीवर आडवा घ्यायचा, नळीची कडी लावायची, मग हात मोकळे. कडी राहिली की नळी घरंगळत पुढच्या माणसाच्या खुर्चीखाली जाते. यामुळे मुलगा टाळ्यांमध्ये दोन मापं उशिरा पोचतो आणि दोन मापं आधी निघतो. ठाण्याहून लोकल पकडणाऱ्या आमच्या पिढीला हे वेगळं समजावून सांगायला नको.

कार्यक्रमाच्या रात्री सरांनी मुलांकडे पाठ केली, लोकांकडे तोंड केलं आणि हात उंचावून दुसऱ्या-चौथ्यावर टाळ्या देऊन दाखवल्या. लोकांनी हसून मान डोलावली आणि पहिल्या-तिसऱ्यावर सुरुवात केली. आमच्या रांगेतल्या आजींची टाळी तर अशी खणखणीत की तिच्या आधारे पाच रांगा चालल्या होत्या. सोलापूरच्या भजनी मंडळात त्यांची चाळीस वर्षं गेलेली, समेला त्या कुणाच्या बापाला हलू देणार नव्हत्या. मंचावरची मुलं एका बाजूला, सभागृह दुसऱ्या बाजूला, असा रीतसर सामना सुरू झाला. सरांच्या चेहऱ्यावर शिक्षकी पेशात मुरलेलं ते हसू आलं.

आणि मग ड्रमवर बसलेल्या सातवीतल्या पोरानं, टाळ्यांच्या त्या गडगडाटानं उत्साहित होऊन, एक लांबलचक तोडा मारला. तोडा चार मात्रांचा छापला होता. त्याला पाच मात्रांचा सुचला. त्यानं हे मुद्दाम केलं असा माझा मुळीच दावा नाही. त्याच्या आईचा आहे. पण व्हायचं ते झालं. मात्रा एकनं सरकली, बासवरची मुलगी डोळे मिटून त्याच्या मागून गेली, आणि सगळं सभागृह, सोलापूरसकट, दुसऱ्या आणि चौथ्यावर येऊन आदळलं.

काय झालं ते कुणालाच कळलं नाही, पण झालं ते सगळ्यांना कळलं. ठेका एकदम खाली बसला आणि लोक वर उठले. मागच्या बाजूला एक कृष्णवर्णीय गृहस्थ होते. ते इतका वेळ हाताची घडी घालून, धीर धरून ऐकत होते. त्यांनी घडी सोडली आणि मोठ्यानं "ऑल राइट!" म्हणून दाद दिली. आजींनी त्या दादेकडे वळून पाहिलं, आपल्यासाठीच होती हे ओळखलं, आणि टाळी आणखी चढवली. सरांनी निमिषार्धात नवी मात्रा पकडली आणि आपलं हे आधीच ठरलेलं होतं, असा आव आणला. त्यांच्या मिळकतीतला मोठा भाग या आवासाठी असावा. आठ मापं, पण ती छापील नव्हती.

नवव्या मापाला ट्रॉम्बोन यायचे होते. ट्रॉम्बोनवाले इतका वेळ खाली मान घालून मात्रा मोजत बसले होते, आपापल्या मनात, मूळ हिशेबानं. त्यांच्यापर्यंत क्रांतीची बातमी पोचलेली नव्हती. ते चौघेही एक मात्रा आधी, पूर्ण ताकदीनं, एका सुरात आत आले. आमचे चिरंजीव त्यात सगळ्यात मोठ्यानं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं मापं अचूक मोजली होती आणि अगदी बरोबर चुकीच्या जागी आला होता. पुढचं अर्धं मिनिट जे काही वाजलं त्याला कुठलाच ढंग नव्हता. ड्रमवाला ट्रॉम्बोनांकडे गेला, ट्रॉम्बोन ड्रमवाल्याकडे आले, वाटेत त्यांची चुकामूक झाली, पियानोवरची बाखवाली मुलगी एकटी छापील मार्गानं जात राहिली आणि शेवटी सगळे तिच्या दारात गोळा झाले. पट्टी ठरल्याप्रमाणे एक पूर्ण स्वर वर गेली. शेवटच्या 'आमेन'च्या दोन कॉर्ड्स मात्र अशा दणकून लागल्या की मधलं सगळं माफ व्हावं. ऑर्गनऐवजी पाऊस वाजल्याचं मला तरी स्पष्ट ऐकू आलं.

बाहेर हॉलमध्ये, फळांचा रस आणि कुकीज घेताना, पालकांमध्ये एकमत होतं की गॉस्पेलच सगळ्यात छान झाला. आजींनी सरांना गाठून मराठीतून सांगितलं की ठेका चांगला धरला होता, फक्त मध्ये मुलं जरा ढेपाळली. सरांनी इंग्रजीतून आभार मानले. मी दुभाष्याचं काम केलं नाही, दोघांचंही उत्तम चाललं होतं.

नोटांच्या फायली परत जमा करायच्या कामाला पालकांमधले स्वयंसेवक लागतात, म्हणून मी मागं थांबलो. शाळेच्या संग्रहातल्या या कागदांवर मुलांच्या पेन्सिलीच्या खुणा साठत जातात. अवघड जागी काढलेला चष्मा, म्हणजे इथं सरांकडे बघ. ट्रॉम्बोनच्या कागदावर तीन वेगवेगळ्या अक्षरांत 'मोज!' असं लिहिलेलं. ड्रमच्या कागदावर टाळ्यांच्या मापापाशी 'श्रोत्यांना सामील करून घ्यावे' अशी छापील सूचना होती. तिच्याखाली शिसपेन्सिलीनं, अगदी ताज्या अक्षरात, पुढच्या वर्षीच्या ड्रमवाल्यासाठी लिहिलं होतं: 'घे, पण त्यांच्याकडे बघू नकोस.'